हार्ड डिस्क दिसेनाशी होते तेव्हा

संगणक सुरू करावा, आणि नेहमीचे चित्र येण्याऐवजी काळ्या पडद्यावर इंग्रजीतील एकच ओळ उमटावी. तिचा अर्थ एवढाच असतो की, काम सुरू करण्यासाठी लागणारी डिस्क संगणकाला सापडत नाही. ही ओळ वाचताच वापरणाऱ्याच्या तोंडून सहसा 'डिस्क गेली' असे उद्गार निघतात. वस्तुतः डिस्क 'दिसत नाही' आणि डिस्क 'गेली' या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पुष्कळदा मूळ दोष किरकोळ असतो. खरे नुकसान होते ते पुढच्या तासाभरात घाईने केलेल्या उपायांनी. म्हणून हा तासभर कसा घालवावा, याचा विचार येथे केला आहे.

मोठ्या शहरात असा प्रसंग आला तर जाणकार तंत्रज्ञ दोन चौक ओलांडल्यावर भेटतो. लहान गावांची स्थिती निराळी असते. उत्तर प्रदेशाच्या झाशी जिल्ह्यातील गरौठा हे तहसिलीचे गाव झाशी शहरापासून सत्तर किलोमीटरहून अधिक दूर आहे. बुंदेलखंडाचा हा भाग मराठी माणसाला इतिहासामुळे परका नाही. याच तहसिलीतील गुरसराय येथे मराठी जहागीरदार घराणे नांदले. आजही अखिल भारतीय बदल्यांमुळे बँकांतील मराठी अधिकारी अशा गावांतून काम करीत असतात. अशा ठिकाणी डिस्क दिसेनाशी झाली, तर जाणकाराकडे जाण्यात पूर्ण दिवस मोडतो. त्यामुळे हाताशी असलेल्या माणसाकडून 'काहीतरी करून बघण्याचा' मोह अनावर होतो.

समजा, गरौठ्याच्या बाजारपेठेत एक खते-बियाणांचा विक्रेता आहे. हरभरा, मसूर, वाटाणा पिकविणारे शेतकरी त्याच्याकडून हंगामाच्या तोंडावर उधारीने माल नेतात आणि पीक विकल्यावर पैसे आणून देतात. ही उधारी त्याच्या संगणकावरील हिशेबाच्या प्रणालीखेरीज कोठेही लिहिलेली नाही. बँकेत त्याचे कॅश क्रेडिट खाते आहे. त्यासाठी दरमहा द्यावयाचे साठ्याचे विवरणपत्र याच संगणकातून निघते. वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र सरकारी संकेतस्थळावर सुरक्षित राहते, परंतु त्यामागच्या हिशेबाच्या वह्या दुकानदाराकडेच असतात. २०१७ च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या ३६ व्या कलमानुसार त्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. हिशेब संगणकावर ठेवला असेल तर त्याची दुसरी इलेक्ट्रॉनिक प्रत असावी, असे याच कायद्याखालील ५७ वा नियम सांगतो. मार्च महिन्यात एका सकाळी या दुकानातील संगणकाला डिस्क दिसेनाशी झाली, तर काय पणाला लागले आहे हे निराळे सांगावयास नको.

'दिसणे' म्हणजे काय?

विद्युतप्रवाह मिळाल्यावर डिस्क प्रथम स्वतःची तयारी करते. आतील तबकड्या फिरू लागतात, वाचनशीर्ष जागेवर येते आणि डिस्क आपले नाव व क्षमता सांगण्यास सिद्ध होते. मग मदरबोर्डवरील बायोस, किंवा नव्या संगणकातील यूईएफआय, डिस्कला विचारणा करतो आणि उत्तर मिळाल्यास तिची नोंद घेतो. विंडोजसारखी कार्यप्रणाली शेवटी येते. ती डिस्कवरील विभागांचे कोष्टक वाचते आणि 'सी', 'डी' अशी अक्षरे देऊन ते विभाग वापरणाऱ्यासमोर मांडते. या साखळीतील कोणतीही कडी तुटली तरी वापरणाऱ्याला परिणाम एकच दिसतो, तो म्हणजे डिस्क नाही.

पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तराचे कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. एखाद्या रुमालावरची चिठ्ठी निसटली, तर तो रुमाल मागितल्यावर सापडणार नाही, परंतु आतले कागद जसेच्या तसे राहतील. रुमाल असलेल्या दालनाचे कुलूप उघडत नसेल, तरीही कागद सुरक्षितच असतील. कागदांना वाळवी लागली असेल तर मात्र गोष्ट वेगळी. डिस्कच्या बाबतीत पहिला प्रश्न हाच असतो, की चिठ्ठी हरवली, कुलूप अडले, की वाळवी लागली?

याचा निवाडा करण्यासाठी संगणक सुरू होताना ठरावीक कळ दाबून बायोसचे पान उघडावे. ही कळ बहुधा डिलीट, एफ २ किंवा एफ १० असते. तेथे डिस्कचे नाव व क्षमता बरोबर दिसत असेल, तर यंत्र जिवंत आहे आणि दोष बहुधा चिठ्ठीचा आहे. तेथेही नाव नसेल, तर केबल, वीजपुरवठा, मदरबोर्ड किंवा खुद्द डिस्क यांपैकी कोठेतरी अडले आहे. नाव चित्रविचित्र अक्षरांत दिसत असेल किंवा क्षमता शून्य दाखविली जात असेल, तर डिस्कला स्वतःचीच आतील माहिती वाचता येत नाही, असे समजावे. अशा डिस्कवर घरगुती प्रयोग करू नयेत.

आधी कान, मग हात

बायोस पाहण्याच्याही आधी एक तपासणी करता येते आणि तिला कोणतेही अवजार लागत नाही. खोलीतील पंखा आणि कूलर बंद करून संगणक सुरू करावा व डिस्कचा आवाज ऐकावा. निरोगी डिस्क हलकी घरघर करीत वेग घेते आणि मग तिचा आवाज एकसारखा होतो. ठरावीक अंतराने 'टक्‌ टक्‌' असा ठोका पडत असेल, खरखर ऐकू येत असेल, किंवा तबकडी फिरण्याचा प्रयत्न करून पुनःपुन्हा थांबत असेल, तर त्याच क्षणी वीज बंद करावी. आणखी एकदा सुरू करून पाहण्याचा विचारही करू नये.

याचे कारण डिस्कच्या रचनेत आहे. १९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तेव्हा तीत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. आज मेजावरच्या संगणकातील तबकडी साडेतीन इंची डिस्कमध्ये बसते व मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. ७,२०० फेऱ्यांच्या तबकडीची बाहेरची कड ताशी सव्वाशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते. वाचनशीर्ष त्या पृष्ठभागावर केवळ काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, यावरून ही उंची किती सूक्ष्म आहे याची कल्पना यावी. शीर्ष एकदा पृष्ठभागाला टेकले की प्रत्येक फेऱ्यासरशी माहिती धरून ठेवणारा थर खरवडला जातो. खरवडलेला थर कोणतीही प्रयोगशाळा परत आणू शकत नाही. ठोके देणारी डिस्क दहा वेळा सुरू करून पाहणे, म्हणजे वाळवी लागलेला कागद दहा वेळा झटकणे होय.

डिस्क अगदी निःशब्द असेल तर मात्र घाबरण्याचे कारण तुलनेने कमी असते. विचित्र वाटेल, पण ठोका देणाऱ्या डिस्कपेक्षा मुकी डिस्क अनेकदा बरी, कारण दोष वीजपुरवठ्यात असण्याची शक्यता तेथे अधिक असते.

केबल, धूळ आणि कूलरची हवा

संगणक बंद करून, प्लग भिंतीतून काढूनच पेटी उघडावी. आत हात घालण्यापूर्वी पेटीच्या रंग न लावलेल्या धातूच्या भागाला स्पर्श करावा, म्हणजे अंगावरील स्थिर विद्युत निघून जाते. सन २००३ च्या सुमारास आलेल्या साटा पद्धतीच्या डिस्कला दोन जोडण्या असतात. माहितीची जोडणी ७ टोकांची आणि अरुंद, तर विजेची १५ टोकांची आणि रुंद असते. त्यापूर्वीच्या डिस्कना ४० टोकांची रुंद पट्टी लागे आणि एकाच पट्टीवर दोन डिस्क असल्यास कोणती मुख्य व कोणती दुय्यम हे एका छोट्या टोपणाने ठरवावे लागे. सरकारी कचेऱ्यांतून व जुन्या दुकानांतून असे संगणक अजूनही आढळतात. तेथे टोपण चुकीच्या जागी असणे एवढ्याच कारणाने दोन्ही डिस्क अदृश्य होऊ शकतात.

दोन्ही जोडण्या काढून, नीट पाहून पुन्हा घट्ट बसवाव्यात. एवढ्यानेही डिस्क दिसू लागण्याची उदाहरणे पुष्कळ आहेत आणि त्यात चमत्कार काही नाही. बुंदेलखंडात मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. दिवसा तापलेली आणि रात्री निवलेली प्लास्टिकची जोडणी प्रसरण-आकुंचनाने हळूहळू सैल होते. त्यातच दुकानात कूलर असेल तर पाण्याचे बाष्प आणि रस्त्यावरची धूळ एकत्र येऊन धातूच्या टोकांवर मळकट थर बसतो. संगणक कूलरच्या थेट झोतासमोर ठेवण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. माणसाला जो गारवा सुखद वाटतो तो संगणकाला मानवत नाही. त्याला हवी असते ती कोरडी आणि वाहती हवा.

जोडणी घट्ट करूनही उपयोग न झाल्यास केबल बदलून पाहावी. नंतर मदरबोर्डवरील दुसरी खाच वापरावी आणि त्यानंतर वीजपेटीची दुसरी वायर लावावी. एका वेळी एकच बदल करावा आणि तो कागदावर टिपून ठेवावा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि डिस्क दिसली, तर दोष कोठे होता हे कळत नाही व तो पुन्हा उद्भवतो. सर्वांत निर्णायक तपासणी म्हणजे तीच डिस्क दुसऱ्या सुस्थितीतील संगणकाला जोडून पाहणे. तेथेही ती मुकीच राहिली, तर दोष डिस्कमध्येच आहे असे धरावे.

विजेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मेजावर ठेवायच्या बाहेरील डिस्कला १२ व्होल्टचा स्वतंत्र अडॅप्टर लागतो. लॅपटॉपचा अडॅप्टर बहुधा १९ व्होल्टचा असतो आणि काहींची पिन त्याच मापाची असते. चुकून तो लावला की डिस्क तत्क्षणी मुकी होते. अशा वेळी अनेक डिस्कमध्ये सर्किटपट्टीवरील संरक्षक डायोड स्वतः जळून पुढचा भाग वाचवितो. जाणकार तंत्रज्ञ तो डायोड काढून माहिती परत मिळवू शकतो. वीज जाऊन अवाजवी दाबाने परत आल्यावर मुक्या झालेल्या डिस्कचीही कथा कित्येकदा हीच असते. म्हणून अशी डिस्क निरुपयोगी समजून फेकू नये. दोन पिनांचा प्लग आणि अर्थिंगविना चाललेला यूपीएस ही जोडी मात्र दुकानातून हद्दपार केलेली बरी.

बायोसचे विस्मरण

मदरबोर्डवर बटणाच्या आकाराची एक बॅटरी असते. सीआर २०३२ या नावाने ती घड्याळाच्या दुकानातही मिळते. काही वर्षांनी ती क्षीण झाली की संगणक तारीख विसरतो आणि त्यासोबत आपल्या जुळण्याही विसरतो. डिस्कशी कोणत्या रीतीने बोलायचे, ही जुळणी बदलली तर बायोसमध्ये डिस्क दिसते, पण विंडोज सुरू होत नाही. संगणकाची तारीख अनेक वर्षे मागे गेलेली दिसल्यास आधी ही बॅटरी बदलावी आणि मगच डिस्कवर संशय घ्यावा. इतक्या स्वस्त दुरुस्तीपायी नवी डिस्क विकत घेतली जाते, याचे वाईट वाटते.

नव्या संगणकांत याचेच दुसरे रूप आढळते. काही नव्या लॅपटॉपमध्ये विंडोज नव्याने बसविताना डिस्कची यादी रिकामीच दिसते. डिस्क तेथे असते, पण तिच्याशी बोलणारा कंपनीचा ड्रायव्हर विंडोजच्या चकतीत किंवा पेनड्राइव्हमध्ये नसतो. लॅपटॉप उत्पादकाच्या संकेतस्थळावरून तो घेऊन दिल्यास डिस्क यादीत येते. एम-२ नावाच्या चपट्या खाचेत बसणारी स्मृतिपट्टीही दोन जातींची असते, एक साटा आणि दुसरी एनव्हीएमई. बाहेरून त्या सारख्याच दिसतात, परंतु एका जातीसाठी असलेल्या खाचेत दुसरी बसविल्यास ती कधीच दिसणार नाही.

विंडोजचा घातक प्रश्न

बाहेरून यूएसबीने जोडलेली डिस्क दिसत नसेल तर सर्वप्रथम वीज अपुरी पडत असल्याची शंका घ्यावी. जुन्या यूएसबी २ जोडणीतून ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३ मधून ९०० मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. लांब किंवा जुनाट केबल, पेटीच्या पुढच्या बाजूची जोडणी, किंवा चार उपकरणांनी भरलेला हब असेल, तर डिस्कचा दिवा लागतो पण तबकडी वेग घेऊ शकत नाही. आखूड केबलने मागील बाजूस जोडून पाहावे.

त्यानंतर विंडोजच्या सुरुवातीच्या चिन्हावर उजवी टिचकी देऊन 'डिस्क मॅनेजमेंट' हे पान उघडावे. येथे दिसणाऱ्या अवस्थांचे अर्थ माहीत असणे फार आवश्यक आहे. विभाग निरोगी असून त्याला अक्षरच नसेल, तर अक्षर देताच तो दिसू लागतो व त्यात धोका नाही. डिस्क 'ऑफलाइन' दिसत असेल, तर बहुधा ती दुसऱ्या एखाद्या डिस्कची हुबेहूब प्रत आहे आणि दोघींची ओळखखूण एकच असल्याने विंडोजने एकीला बाजूला ठेवले आहे.

परंतु विंडोजने 'डिस्क इनिशिअलाइज करावी का', किंवा 'वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी का' असे विचारले, तर माहिती हवी असणाऱ्याने नकारच द्यावा. विंडोजला डिस्कवर काय आहे हे वाचता आलेले नाही, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ असतो. दुकानातील सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमधील डिस्क काढून संगणकाला लावली तरी हाच प्रश्न येतो, कारण पुष्कळ रेकॉर्डर आपल्या निराळ्या पद्धतीने चित्रण साठवितात. चोरीनंतरचे चित्रण पाहण्याच्या गडबडीत त्या प्रश्नाला होकार दिला, तर पुरावा आपल्याच हाताने मोडला जाईल. जुन्या पद्धतीत विभागांचे सारे कोष्टक डिस्कच्या पहिल्याच कप्प्यात अवघ्या ६४ बाइटांत मावते. ते बिघडले की शेकडो गिगाबाइट माहिती जागेवर असूनही डिस्क रिकामी भासते. जीपीटी या नव्या पद्धतीत त्या कोष्टकाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते, ही मोठीच सुधारणा म्हणावी लागेल.

याचे व्यापक प्रमाणावरचे उदाहरण २६ एप्रिल १९९९ रोजी जगाने पाहिले. सीआयएच नावाच्या विषाणूने त्या दिवशी विंडोज ९५ व ९८ वर चालणाऱ्या संगणकांतील डिस्कचा आरंभीचा भाग पुसून टाकला आणि काही संगणकांचे बायोसही बिघडविले. चेर्नोबिल दुर्घटनेची ती तारीख असल्याने त्याला चेर्नोबिल विषाणू असेही नाव पडले. दक्षिण कोरिया आणि तुर्कस्तानात त्याचा तडाखा मोठा होता, भारतातही अनेक संगणक बंद पडले. ज्यांनी तातडीने डिस्क फॉरमॅट करून काम पुन्हा सुरू केले, त्यांची माहिती गेली. मात्र फाइलींच्या नोंदीची दुसरी प्रत पुढच्या भागात शाबूत राहिलेल्या डिस्कमधून नंतर निघालेल्या दुरुस्ती-प्रोग्रॅमांच्या साहाय्याने माहिती परत मिळविता आली. थांबलेले वाचले, घाई केलेले बुडाले.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. जानेवारी २००९ मध्ये सीगेट कंपनीने मान्य केले की, तिच्या बाराकुडा ७२००.११ या मालिकेतील काही डिस्क संगणक सुरू करताना दिसेनाशा होऊ शकतात. दोष तबकडीत नव्हता, शीर्षातही नव्हता. डिस्कच्या आत स्वतःच्या कामकाजाची नोंद ठेवणारी एक वही असते. त्या वहीतील नोंदींची संख्या एका विशिष्ट आकड्यावर असताना वीज सुरू झाली, तर डिस्कचा अंतर्गत प्रोग्रॅम अडकून पडत असे. माहितीचा एक कणही नष्ट झालेला नसताना बायोसला डिस्क दिसत नसे. कंपनीने सुधारित प्रोग्रॅम दिला आणि बाधित ग्राहकांना माहिती काढून देण्याची तयारी दाखविली. तो पहिला सुधारित प्रोग्रॅमही काही डिस्कना न मानवल्याने मागे घ्यावा लागला, हा त्यातील एक उपकथाभाग. बायोसला न दिसणारी डिस्क मेलेली असतेच असे नाही, याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा सापडणार नाही.

ऐकीव उपाय

डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवावी, हा सल्ला अजूनही दिला जातो. बाहेर काढल्यावर थंड तबकडीवर दव धरते आणि नॅनोमीटरच्या अंतरात पाण्याचा थेंब हा पर्वत ठरतो. तसाच दुसरा उपाय म्हणजे त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कची सर्किटपट्टी काढून लावणे. फार जुन्या डिस्कमध्ये ते साधत असे. आताच्या पट्टीवरील एका चिपमध्ये त्या एकाच डिस्कच्या शीर्षांचे मोजमाप साठविलेले असते. ती चिप स्थलांतरित केल्याविना नुसती पट्टी बदलून काम होत नाही. डिस्कचे झाकण दुकानात उघडणे याविषयी तर बोलायलाच नको. गरौठ्याच्या रस्त्यावरील धुळीचा एक कण वाचनशीर्षाच्या उंचीच्या शेकडो पट मोठा असतो.

डिस्क अधूनमधून दिसत असेल, तर विंडोजची डिस्क-तपासणी चालवून 'दुरुस्ती' करण्याचा मोह होतो. ही तपासणी दुरुस्ती करताना मूळ डिस्कवर लिहिते आणि आजारी डिस्कवर लिहिणे धोक्याचे असते. व्यवसायातील रीत अशी की, प्रथम त्या डिस्कची कप्प्यागणिक हुबेहूब प्रत दुसऱ्या निरोगी डिस्कवर काढावयाची आणि सर्व प्रयोग त्या प्रतीवर करावयाचे. यासाठी डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्रॅम उपलब्ध आहे. तो सोपे भाग आधी उचलतो आणि कठीण भागांकडे नंतर परततो. ठोके देणाऱ्या डिस्कवर मात्र तोही चालवू नये.

डिस्क दुसऱ्याच्या हाती देताना

दुरुस्तीसाठी डिस्क देणे म्हणजे त्यावरील सर्व कागद दुसऱ्याच्या हाती देणे. ग्राहकांनी खात्याचे पासवर्ड, कार्डाचे पिन, स्वाक्षरीची चित्रे संगणकावर साठवू नयेत असे बँका वारंवार सांगतात, त्याचे हेही एक कारण आहे. डिस्क देताना तिचा अनुक्रमांक नोंदवून पावती घ्यावी. माहिती काढण्याचा प्रयत्न करताना मूळ डिस्कवर काही लिहिले जाणार नाही, हे लेखी मागावे. अनेक नव्या विंडोज ११ संगणकांत डिस्क आपोआप कूटबद्ध झालेली असते. मदरबोर्ड बिघडल्यावर अशी डिस्क दुसऱ्या संगणकाला लावली की ती ४८ आकडी किल्ली मागते. ही किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती आधीच कागदावर उतरवून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणारा ग्राहक शहाणा म्हटला पाहिजे.

शाखेतील संगणकाची डिस्क दिसेनाशी झाली, तर ग्राहकांच्या ठेवींना काही होत नाही. कोअर बँकिंगमध्ये खात्यांच्या नोंदी शाखेत नसून बँकेच्या मध्यवर्ती माहिती केंद्रात आणि संकटकाळासाठी उभारलेल्या दुसऱ्या केंद्रात राहतात. तरीही कर्मचाऱ्यांनी अशी डिस्क स्थानिक दुरुस्तीकाराकडे पाठवू नये, कारण तिच्यावर पत्रव्यवहार आणि ग्राहकांच्या कागदपत्रांच्या प्रती असू शकतात. माहिती तंत्रज्ञान विभागाला कळविणे हाच मार्ग आहे.

उष्णतेचा प्रश्न आणि दुसरी प्रत

बुंदेलखंडातील ऊन डिस्क मारते काय? २००७ साली गूगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आढळले की, तापमान आणि बिघाड यांचा संबंध पूर्वी समजला जाई तितका सरळ नाही. अतिउच्च तापमान आणि वय झालेल्या डिस्क वगळता उष्णतेचा परिणाम ठळक दिसला नाही. त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते, तीत निकामी झालेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी कोणताही पूर्वसंकेत दिलेला नव्हता. म्हणजे दर तिसरी डिस्क न सांगता गेली. अशा स्थितीत तपासणीवर विसंबण्यापेक्षा दुसरी प्रत असणे अधिक खात्रीचे.

पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम सोपा आहे. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या जागी असावी. गरौठ्याच्या त्या दुकानदाराने रोज संध्याकाळी हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन घरी नेली आणि आठवड्यातून एकदा बाहेरील डिस्कवर घेतली, तर नियम पूर्ण होतो. मात्र बाहेरील डिस्क कायम जोडलेली ठेवू नये. विजेचा तोच धक्का दोघींना बसेल आणि खंडणीखोर विषाणू आला तर दोन्ही प्रती एकदम कुलूपबंद होतील. २०११ पासून ३१ मार्च हा दिवस जगभर 'बॅकअप दिन' म्हणून पाळला जातो. भारतातील व्यापारी आणि बँका त्या दिवशी वर्षाचा हिशेब बंद करतात, हा योगायोग मोठा सोयीचा आहे. त्या दिवशी केवळ प्रत काढू नये. ती दुसऱ्या संगणकावर उघडून एखाद्या शेतकऱ्याची उधारी त्यात वाचता येते का, हेही पाहावे. न उघडून पाहिलेली प्रत ही नुसती आशा असते.

फिरती तबकडी नसलेल्या एसएसडीविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. ती ठोके देत नाही, खरखरत नाही, बहुधा एकदम अदृश्य होते. पुसलेल्या फाइली तिच्यातून परत मिळण्याची शक्यताही कमी, कारण रिकामे झालेले कप्पे ती स्वतःच आतून साफ करीत असते. दीर्घकाळ वीज न देता साठवण करण्यासाठीही ती योग्य नव्हे. तिच्या सर्वमान्य मानकात लेखनाचे आयुष्य पूर्ण झालेल्या घरगुती एसएसडीने विजेविना ३० अंश तापमानात एक वर्ष माहिती धरून ठेवावी, एवढीच अपेक्षा आहे. तापमान वाढले की हा काळ घटतो. पत्र्याच्या कपाटात उन्हाळे काढणाऱ्या जुन्या हिशेबासाठी म्हणून साधी फिरती डिस्कच बरी.

वॉरंटीचा अर्थही नीट समजून घ्यावा. मुदतीत डिस्क बिघडली तर कंपनी बदली डिस्क देते, परंतु बिघडलेली डिस्क आपल्याकडे ठेवून घेते आणि तिच्यावरील माहितीची जबाबदारी सामान्यतः स्वीकारत नाही. माहिती हवी असेल तर ती काढून घेईपर्यंत डिस्क परत करू नये. माहिती गोपनीय असेल तर नव्या डिस्कच्या किमतीवर पाणी सोडून जुनी डिस्क आपल्याजवळच ठेवणे अनेक व्यावसायिक पसंत करतात.